हात दाखवा

तिबिलिसीत स्टेशनच्या चौकाखालून जी भुयारी वाट जाते
तिथे माझी टपरी.
डावीकडे मोजेवाली, उजवीकडे किल्ल्या करून देणारा गोदेर्झी.
वर ऊन आहे की बर्फ
हे मला गिऱ्हाइकांच्या बुटांवरून कळतं.

नानुलीबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा बूट कोरडे होते.
लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला,
आजारी मांजर आणावं तसा.
"उठतो," म्हणाल्या, "आणि लगेच डोळे मिटतो.
बटण दाबलं की उठतो. परत मिटतो.
काल सतरा वेळा."
मोजणारच. जन्मभर भूगोल शिकवला,
आता नऊ मजली इमारतीच्या लिफ्टचा हिशेब ठेवतात.

मी बटण दाबलं.
पंखा घरघरला, दिवा लागला, पडदा उजळला.
"बघा, परक्यापुढे कसा शहाण्यासारखा वागतो!"

तरी उघडला मी त्याला.
पंख्यातून बोटभर धूळ निघाली,
मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासले,
बॅटरी सोडवून बटण तीस आकडे दाबून धरलं,
आत अडकलेली वीज निथळून जावी म्हणून.
पंधरा लारी घेतले.

गुरुवारी त्या परत. बूट ओले.
चार्जर बदलून दिला.
शनिवारी परत. बूट ओले, ओठ घट्ट.
टपरीवर मात्र तो दिवसभर चालला,
मी त्यावर फुटबॉलची आख्खी मॅच पाहिली.
गोदेर्झी किल्ली कानशीत म्हणाला,
"त्याला घर आवडत नसेल."
माझंही एक लग्न मोडलेलं आहे,
मी काही बोललो नाही.

रविवारी टपरी मिटून त्यांच्या घरी गेलो.
लिफ्टमध्ये नाणं टाकायचं असतं. त्यांनी टाकलं,
आणि वहीत नोंदही केली. वीस तेत्री, स्वतःच्या नावावर.
नववा मजला. खिडकीत कांदे, टेबलावर मेणकापड.
मी बसलो: चालू.
त्या बसल्या: अंधार.
मी बसलो: चालू.
त्या बसल्या, उजव्या हाताने बटण दाबलं,
डावा हात कडेवर टेकला,
अंधार.

खरं सांगतो, क्षणभर मला त्यांची भीती वाटली.

मग मनगट दिसलं.
तांबूस कडं, जाडजूड, मण्यामण्यात चुंबक.
बहिणीने बातुमीहून आणलेलं, रक्तदाबावर.
"झोपतानासुद्धा काढत नाही मी."

त्यांना सांगितलं: झाकणात चुंबकाचा एक तुकडा असतो,
तांदळाच्या दाण्याएवढा.
झाकण मिटलं की तो खालच्या भागाजवळ येतो,
यंत्र समजतं, रात्र झाली.
तुमचा हात जवळ आला
की त्याची रात्र व्हायची.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग कडं काढलं. निघेना, साबण लावावा लागला.
खाली कातडी पांढरीफटक, नवी कोरी.
लॅपटॉप उठला आणि उठलेलाच राहिला.
पडद्यावर चौथ्या मजल्याची थकबाकी.
"हे लोक जिन्याने जातो म्हणतात," त्या पुटपुटल्या,
"पाचव्यावाल्यांनी त्यांना लिफ्टमध्ये पाहिलंय."

पैसे मी घेतले नाहीत. आधीचे पंधराही परत करायला हवे होते,
पण ते खर्च झाले होते.
त्यांनी हिरव्या आलुबुखाराच्या त्केमालीची बाटली दिली,
आणि कडंही. "मला आता याचा राग येतो."
उतरताना लिफ्टने काही मागितलं नाही.

कडं आता टपरीत खिळ्याला आहे,
सांडलेले स्क्रू त्याला आपसूक चिकटतात.
आणि कुणी लॅपटॉप घेऊन आलं,
चालू होत नाही म्हणालं,
की स्क्रूड्रायव्हर घेण्याआधी मी म्हणतो,
हात दाखवा.
लोक गोंधळतात. काही जण तळवा पुढे करतात,
एका मुलाने विचारलं, परदेशी जाईन का?
गोदेर्झी हसतो.
हात दाखवून अवलक्षण, असं म्हणतात ना,
इथे उलटं आहे:
अवलक्षण घेऊनच लोक येतात,
हात तेवढा मागून दाखवतात.