कोरी बाजू

लिमाच्या टेकडीवर, रस्ता संपून
नुसत्या पायऱ्या उरतात तिथं
सातुर्निना दारोदार फिरते, वही काखेत मारून.
साथ अजून आलेली नाही.
कदाचित येणारही नाही, मी म्हणतो.
ती विचारते, पिंपाला झाकण आहे का?

पाण्याचा ट्रक मंगळवारी. तोही आला तर.
हात धुवा सांगणारं पत्रक
कुणीतरी वाटून गेलं होतं मागे,
त्यावर चकचकीत नळ छापलेला.
पोरं त्याच्याखाली हात धरून खिदळायची.

त्याच पत्रकांची तिनं वही शिवली,
कोऱ्या बाजूला लिहीत गेली:
एलेउतेरियोचा खोकला खाणीतला, जुना, घाबरू नका.
कुणाला कितवा महिना.
मोठं पातेलं कुणाकडे.
आणि कुणाचं कुणाशी वाकडं;
दारं बंद झाली की
कुणाच्या हातचं सूप कोण घेईल,
हे आधी कळायला हवं, म्हणाली.

माझ्या नावापुढे दोन नावं:
आंधळी तेओफिला,
आणि माझा भाऊ.
सहा वर्षं आम्ही बोललेलो नाही.
"याला पाणी तू द्यायचंस."
खोडायला पेन मागितलं, तिनं दिलं नाही.

संध्याकाळी धुकं उतरलं.
अर्धी बादली भरून घेतली मी,
उगीच,
त्याच्या दारापर्यंत
किती पायऱ्या होतात ते बघायला.