उसनवारी

शोनाने वाढदिवसाला तबकडी पाठवली,
खरी, मोठी, काळी, हल्ली पुन्हा मिळतात तशी.
वेष्टनावर रेनी किनलॉक. वय एकाहत्तर.
केस रंगवलेले, अंगात कुणीतरी निवडून दिलेला कोट,
आणि मागे आमची टे नदी,
पडद्यावर छापलेली, नको इतकी निळी.

बारा गाणी. बाराच्या बारा दुसऱ्यांची.

एफी म्हणाली, आधी सूप पी, गार होतंय.
मी सुई टेकवली.

आता कसं सांगू. बेसूर नाही.
बेसूर असता तर हायसं तरी वाटलं असतं.
चाळीस व्हायोलिनं, मागे पोरींचा गुळगुळीत कोरस,
आणि त्यात हा,
परक्या घरी जेवायला बोलावल्यासारखा
खुर्चीच्या कडेला टेकलेला,
वाढाल तेवढंच खाणारा.
प्रत्येक ओळीच्या शेवटी जणू म्हणतोय,
छान झालंय, खरंच, पुरे.

हाच ना तो?
अठ्ठ्याहत्तरचा जानेवारी, डंडीच्या गोदीमागचा अँकर क्लब.
वादळात वीज गेली.
अँप मेले, गिटार मेली, लोक अंधारात कोट चाचपू लागले,
तेव्हा हा टेबलावर चढला
आणि नुसत्या गळ्याने गायला
आईवरचं गाणं, स्वतः लिहिलेलं.
जूट मिलच्या खडखडाटात तिचे कान गेले होते,
म्हणून ती घरीसुद्धा
सगळ्यांच्या ओठांकडे बघत बसायची.

माझी आईही त्याच मिलमधली.
मी एकोणीस वर्षांचा.
त्या काळोखात काही दिसत नव्हतं
तरी आम्ही दोनशे जण त्याच्या ओठांकडे बघत होतो.

मग कुणीतरी प्यालेला ओरडला,
अरे, ते रेडिओवरचं गा ना, सगळ्यांना येणारं!
रेनी म्हणाला,
ज्याचं आहे त्याला गाऊ दे.
माझंच मला अजून गाऊन होत नाहीये.

हे वाक्य मी बस डेपोत
तीस वर्षं सांगत आलो. नव्या पोरांना, चहाच्या वेळी,
जणू मीच बोललो होतो.

दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नये, असं नाही.
तहान असेल तर कुणाच्याही ओंजळीने प्यावं.
पण तहान हवी.

दुसरी बाजू. चौथं गाणं.
सुरू व्हायच्या आधी
(कापायचं राहून गेलं असावं)
पाण्याचा एक घोट. पेला टेकल्याचा आवाज.
मग काचेपलीकडच्या कुणाला तरी,
आमच्या बोलीत, आमच्या टेकडीखालच्या गल्लीतल्या बोलीत,
"अजून एकदा घ्यायचं का रे?"

फाटलेला आवाज. तळाशी गाळ.
म्हातारा.

लगेच व्हायोलिनं आली आणि त्याला आत घेऊन गेली.

मी सुई मागे ठेवली.
घोट. पेला. अजून एकदा घ्यायचं का रे.
पुन्हा मागे.
सहाव्यांदा एफी हात पुसत दारात आली,
अडकतेय का? परत पाठवू या?
नाही, म्हटलं. चांगली आहे.

गेल्या सप्टेंबरात शोनाच्या लग्नात मी भाषण केलं.
जावयाच्या मित्राने टाइप करून दिलेलं,
दोन विनोद, एक सुविचार, मग पेले वर.
टाळ्या पडल्या.
एफी माझ्या ओठांकडे बघत होती,
मग ताटाकडे बघायला लागली.
मुलीबद्दल मला काय म्हणायचं होतं
ते बस धुताना, एकटा असताना, मला येत होतं.
सगळं पाठ होतं.

फोन वाजला. शोनाच.
बाबा, ऐकलीत? कशी आहे?

रेकॉर्ड संपून नुसतीच फिरत होती,
सुई आतल्या कडेला खरखरत,
मिल सुटल्यावर एखादं चाक गरगरत राहावं तशी.

छान आहे, म्हटलं. खरंच.

सूपवर पापुद्रा धरला होता.
तो बाजूला न करताच प्यालो.