बाद नमुना

उत्रेश्वरच्या कॉलरला धूळमापी अडकवला
सकाळी आठला, भट्टीपाशी.
पाळी सुटली अन् तो तसाच घरी गेला,
जालन्यातल्या त्याच्या पत्र्याच्या खोलीत.

दुसऱ्या दिवशी यंत्र आणलं त्यानं
फडक्यात गुंडाळून, ओशाळून.
काळ्या भुकटीवर
पांढुरका थर, त्यावर राख.

"शेजारी चक्की हाय, साहेब.
अन् पाणी तापवायला पऱ्हाट्या जाळतो."

आठ तासांच्या वरचा नमुना बाद, असा नियम.
तक्त्यात रकाना एकच: कामावर.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, चक्की, चूल,
पुढं जागा उरली नाही.

जाताना दारात थबकला.
"रातभर घुं-घुं करत होतं हे.
पोरगी इचारत होती,
बाबा, ह्यालाबी दमा हाय का?"