बावीस नंबर

तीस वर्षं मोटरी भरल्या मी, पारोळ्यात, कजगाव रोडला.
जळकं वार्निश माझ्या नाकाला आधी कळायचं,
मालकाला मागून.
आता माझ्याच गळ्याच्या हाडाखाली एक डबी आहे,
काडेपेटीहून जराशी मोठी,
आणि तिची तार मानेतल्या एका नसेला गुंडाळलेली.
वेढे किती दिले, विचारलं मी.
सर्जन हसला. म्हणाला, तीन.

हृदय फुगलंय, पंप पंचवीस टक्क्यांवर आलाय,
ही भाषा मला समजते.
पण डबी सगळ्यांना बसवणार,
चालू निम्म्यांचीच करणार,
आणि कुणाची, ते मला सांगणार नाहीत,
मोजणाऱ्या फरहीन मॅडमलाही नाही.
तरी सही केली.
भरलेली मोटर गिऱ्हाइकाला देण्याआधी
मीही रिकामी फिरवून बघायचोच की.

धुळ्याच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
दोन लाल शंकूंमध्ये सहा मिनिटं चालायचं.
पहिल्यांदा दोनशे ऐंशी मीटर. मग तीनशे चार.
मॅडम आकडा लिहितात, चेहरा कोरा ठेवतात.

बाकावर शिरपूरचे भामरे गुरुजी असायचे.
बोलता बोलता त्यांचा आवाज घोगरा व्हायचा,
अर्धा मिनिट, मग परत साफ.
करंट सुटला की असं होतं, कागदात लिहिलंय.
मी त्यांच्या गळ्याकडे बघायचो,
दुसऱ्याच्या भरल्या विहिरीकडे बघावं तसा.

घरी मथुरा कान लावून असते.
"काय व्हयनं? आवाज बठना का तुमना?"
"काही नही. मिरचीना ठसका शे."
ती गॅस बंद करते, खिडकी उघडते,
आणि पुन्हा बोलायला लावते.

एकदा दुपारी, भाचा जेवायला गेलेला,
मी टेस्टर उचलला.
त्यातून काही कळणार नाही, एवढं मला कळतं.
तरी शर्टाचं वरचं बटण काढून झालं होतं.
मग स्क्रू फिरवल्यासारखं केलं
आणि ठेवून दिला.

मार्गशीर्षात गुरुजींचा बाक रिकामा होता.
मी विचारलं नाही, मॅडम बोलल्या नाहीत.
त्या दिवशी शंकू लांब ठेवल्यासारखे वाटले.
मोजायला लावले. तीसच मीटर.

रात्री झोप येत नाही तेव्हा
ज्या गावांच्या मोटरी भरल्या, ती म्हणत पडतो:
शिरसमणी, तामसवाडी, बहादरपूर, मेहू...
टेहूशी आवाज जरा अडकतो.
पलीकडे मथुरा कूस बदलत नाही, म्हणजे जागी आहे.
"परत म्हना," ती म्हणते.