शेऱ्याचा रकाना

वही लांबट आहे, काळ्या पुठ्ठ्याची,
वाण्याच्या खतावणीची धाकटी बहीण.
एकूण दोनशे तास. त्यांतले शंभर
मी एकटीने, माझ्या जबाबदारीवर.
दहा, बाहेर न बघता, नुसत्या तबकड्यांवर भिस्त ठेवून.
पाच रात्रीचे: दहा उड्डाणं, दहा उतरणं.
आणि एक लांबची फेरी, तीनशे सागरी मैलांची,
मध्ये दोन परक्या धावपट्ट्यांवर चाकं पूर्ण थांबवून.
ती झाली. रत्नागिरी, मग सोलापूर, मग घर.
सोलापुरात इंधन भरणाऱ्याने विचारलं, पायलट कुठेयत?
म्हटलं, येतायत, तुम्ही भरा.

बाबा तांडेल. चाळीस वर्षं देवगडच्या खाडीतून आत-बाहेर.
वही हातात घेण्याआधी त्यांनी बोटं लुंगीला पुसली,
आणि पानावरून हळूहळू खाली आले,
१.२, ०.८, १.१
"ह्या पॉइंट आठ म्हणजे काय गो?"
अठ्ठेचाळीस मिनिटं.
"तेवढ्यात आमचा जाळा पण पाण्यात पडना नाय."
मग वही मिटली. आपले तास त्यांनी सांगितले नाहीत,
मीही विचारले नाहीत.
ते बर्फाच्या भावाचं बोलायला लागले.

मार्चअखेर माझे कमी होते
एक तास चाळीस मिनिटं. रात्रीचे.
शाळेचं एकच विमान चालू,
दुसरं पोट उघडून हँगरात पडलेलं,
सड्याचा कातळ रात्री नऊलाही तापलेला,
आणि यादीत माझं नाव नववं.
ऑफिसातला पेंढुरकर चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, सहज:
"विमान हललं काय नि न हललं काय,
रकान्याला काय कळतंय?
मागच्या बॅचचा एक बसलाय बघ आता
मोठ्या जेटच्या उजव्या सीटवर."
बिस्कीट तुटून कपात पडलं. त्याने ते चमच्याने काढलं.
टेबलावर त्याचं पेन होतं. निळं, बिनटोपणाचं.

मी नाही म्हटलं नाही. खरं सांगते.
बघू, म्हटलं.

पाळी आली तेव्हा अमावास्या दोन दिवसांवर होती.
सड्याची कड सुटली की खाली काहीच नसतं.
बोटींचे दिवे खाली, चांदण्या वर,
आणि मधली रेघ,
दिवसा जिच्यावर सगळं वाळत घातलेलं असतं,
ती कुणीतरी काढून नेलेली.
चांदण्यांत बोटी, बोटींत चांदण्या.
कान म्हणाला, तू उजवीकडे कलतेयस.
तबकडी म्हणाली, सरळ आहेस.
कान माझा, बावीस वर्षांचा, लाडात वाढलेला.
तबकडी शाळेची, काचेला चीर गेलेली.
घामाने स्टिक निसटत होती.
मी तबकडीचं ऐकलं.
कान भांडत राहिला बराच वेळ,
मग एकदम गप्प झाला.

त्या निळ्या पेनाने ही मिनिटं
माझ्या नावावर चढली असती व्यवस्थित, सहीशिक्क्यासकट,
आणि कान तसाच राहिला असता, मालक.

खालच्या दिव्यांतला एक बाबांचा असणार.
कुठला ते ओळखता येईना.
शेवटचं उतरणं आपटलंच जरा.
कॅप्टन मस्कारेन्हस पट्टीच्या कडेला उभे होते,
म्हणाले, डांबर आहे ते पोरी, पाणी नाही.
हँगरातल्या ट्यूबलाइटखाली मी लिहिलं: १.७.
पुढे शेऱ्याचा रकाना.
तिथे काय लिहायचं असतं, विचारायचं राहूनच गेलंय.

सकाळी जेटीवर बाबा बांगड्यांची टोपली ओढत होते.
"रात्री एक दिवो वरसून गेलो. सरळ गेलो.
तुझो काय ता ठावक नाय."
मलाही तुमचा कळला नाही, म्हटलं.
"आता किती उरले?"
संपले.
"मगे आता काय मोजतलंस?"
काही सुचलं नाही.
टोपलीचा दुसरा कान मी धरला.