पासंग

ओश शहरात, बंद पडलेल्या रेशीम कारखान्याच्या तळघरात
आमचं सेंटर. फक्त बायकांसाठी.
काचांना आतून पांढरा रंग फासलेला.
एका कोपऱ्यात कुणीतरी नखानं खरवडून
बटणाएवढं आभाळ मोकळं केलंय.
कुणी, ते मला माहीत आहे. सांगणार नाही.
लॉकरच्या किल्ल्या सांभाळणं, एवढंच माझं काम.

बुरमाकान आली ती ऐन थंडीत,
बोटांच्या भेगांत पीठ घेऊन.
बाजारात तिचा गाळा आहे:
मैदा, जव, उझगेनचा लालसर तांदूळ.
तीस वर्षं पन्नास-पन्नास किलोची पोती
ट्रकातून पाठीवर, पाठीवरून फळीवर.
सुलैमान डोंगरावरच्या गुळगुळीत दगडावरून
सात वेळा घसरून झालं,
कंबर होती तशीच.
डॉक्टर म्हणाला, व्यायाम करा.
ती इतकी हसली म्हणे,
की त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

माझ्यासमोर नोटा मोजताना म्हणाली,
"आजवर उचलायचे पैसे घेतले,
आता उचलायला पैसे देतेय.
बाजारात बोलू नकोस. पत जाईल माझी."

आत मुहर्रम डोळे मिटून सायकल मारत होती,
जागच्या जागी, कुठल्या गावाला कोण जाणे.
झूराचा नवरा बाहेर हॉर्न वाजवत होता,
आणि झूरा, दर हॉर्नला, एक उठाबशी जास्त काढत होती.

नुरझादा शिकवते. एकेकाळची कुस्तीगीर,
डावा कान चुरगळलेल्या कागदासारखा.
म्हणाली, हे उचल.
"कुठं न्यायचंय?"
कुठंच नाही.
"मग?"
परत तिथंच ठेव.

बुरमाकान बघत राहिली त्या लोखंडाकडे.
ज्याची कुणी वाट बघत नाही,
ज्याची भाकरी होणार नाही,
ज्याची उधारी वहीत चढणार नाही,
असलं ओझं तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मग वाकली. दोन्ही मुठींत दांडा धरला.
गुडघ्यापर्यंत. छातीपर्यंत. डोक्यावर.
दोन टोकांना दोन तबकड्या,
आणि खाली ती, ताठ.
मला तराजूच दिसला;
काट्याच्या जागी बाई.

तशीच उभी, हात थरथरतायत,
आणि ओरडते काय,
"डावीकडे कमी आहे! चाळीस ग्रॅम तरी!
कुणी फसवलं तुम्हाला?"

खाली ठेवून पाहिलं तर खरंच,
डाव्या तबकडीचा टवका उडालेला.
आठ वर्षांत कुणाला कळलं नव्हतं,
नुरझादालासुद्धा नाही.
बुरमाकाननं कमरेचा गाळ्याच्या किल्ल्यांचा जुडगा सोडला,
हलक्या टोकाला अडकवला. पासंग.
पुन्हा उचललं.
किल्ल्या वर छताजवळ किणकिणत राहिल्या.
सायकल थांबली. हॉर्न तेवढा चालू होता.

रात्री दिवे मालवताना पाहिलं,
जुडगा तिथंच लटकलेला.
फोन करावा असं वाटलं.
केला नाही.

सकाळी सातला उघडणारा गाळा
त्या दिवशी साडेनऊपर्यंत बंद होता.
पावाच्या भट्टीवाले दोनदा येऊन गेले म्हणे.
दहाच्या सुमारास ती आली,
रस्त्याच्या मधून, चालत, अजिबात घाई नाही,
आणि किल्ल्या मागायच्या आधी
माझ्याकडे लॉकरची किल्ली मागितली.