टंच

मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या मागच्या बोळात
आठ बाय दहाची खोली, भट्टी, धुराडं,
आणि बाकड्यावर सालोमीबाई रणभिसे,
मिशन दवाखान्यातून रिटायर होऊन पंचवीस वर्षं झालेली.

तिनं पिशवीतून पाकीट काढलं, पाकिटातून प्लास्टिक,
प्लास्टिकात पाच नाणी. अमेरिकेची, चौसष्ट सालची.
"बघ रे, चांदी किती निघंल?"

मी हात पुढं केला.
"बोट नको लावू."

आता मला सांगा,
आमचा धंदाच बोटाचा.
खानापूर तालुक्यातली आम्ही पोरं मिसरूड फुटायच्या आत पांगलो,
कुणी कोइमतूरला, कुणी कटकला, मी हिस्सारला.
दगडावर घासल्याशिवाय, तेजाबाचा थेंब टाकल्याशिवाय
सख्ख्या भावाच्या शब्दावरही टंच मानायचा नाही,
हे मामानं मुशीसमोर बसवून शिकवलं.
न दुखवता ओळखायचं कसं,
ते शिकवायचं राहिलं.

प्लास्टिकावरूनच बघितलं.
नाण्याची जमीन आरशासारखी, तीत माझ्या चष्म्याची काडी दिसली,
चेहरा तेवढा पांढुरका, काचेवर फुंकर मारावी तसा.

पुण्याच्या पुतण्याला फोन लावला, तो असली नाणी जमवतो.
"काका, ही खर्चायला पाडलेलीच नाहीत.
घासूनपुसून चकाकवलेला ठसा, निवडक चकती, वर दोनदा ठोका.
प्रूफ म्हणतात ह्याला.
अर्ध्या डॉलरात, पाव डॉलरात, दहा सेंटात नव्वद टक्के.
बाकी दोन सोडून द्या, तांबं नि निकेल."
"आणि मोल?"
"त्या सालची लाखांनी निघाली. चांदीपेक्षा थोडं वर, एवढंच.
पाकीट फोडलं की तेही गेलं."

पाटीवर मांडलं: साडेबारा, सव्वासहा, अडीच.
सव्वाएकवीस ग्रॅम, दहावा हिस्सा तांब्याचा.
एकोणीस, आणि वर चिमूटभर.

"मिस हॅडलींनी दिलं, जहाज धरायच्या आदल्या रात्री," ती म्हणाली.
"छत्तीस वर्षं ऑपरेशनच्या खोलीत चिमटे दिले मी.
उकळलेल्या वस्तूला कधी उघडा हात नाही.
हेही तसंच ठेवलं."

"मग आता का?"

"चर्चच्या प्याल्याचा पाय डुगडुगतोय.
सोनार म्हणतो, वीसेक ग्रॅम लागंल."

मी म्हटलं, बाई, वीस ग्रॅम मी असंच घालतो,
जमलेला संच मोडू नका.
ती हसली.
"तुझ्या चांदीत कुणाकुणाची पैंजणं असतील.
मला माहितीतली पाहिजे."

आणि कात्री काढली. वाकड्या टोकाची, दवाखान्यातली.
टाके काढावेत तशी एकदाच चालवली.
साठ वर्षांची हवा बाहेर आली असेल,
वास काही आला नाही.

अर्धा डॉलर मी उचलला.
माझ्या बोटांचे ठसे तेजाबानं कधीच खाल्लेत,
रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवला की ते म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
त्याचा आज पहिल्यांदा उपयोग झाला.
आरशावर डाग उमटला नाही.
कसोटीचा दगड पुढ्यातच होता.
नाही घासलं.

मुशीत टाकणखार, मग तिन्ही.
आधी चेहरा गेला की आरसा, मी बघितलं नाही,
मी तिच्याकडं बघत होतो,
आणि ती घड्याळाकडं, सवयीनं.

चांदी फिरली. लगड ओतली.
"ह्या दोन राहिल्या," म्हटलं, "ह्यांत काही नाही."

"नाही ना? मग ह्या माझ्या."

तांब्याचं नाणं तिनं तळव्यावर घेतलं.
म्हणाली, नाडी बघताना आम्ही अंगठा कधी लावत नाही,
अंगठ्याला त्याची स्वतःचीच नाडी असते, माणूस फसतो.

मग नाण्यावर अंगठाच ठेवला,
चांगला दाबून,
आणि बराच वेळ मोजत बसली.